चांगल्या कामाला पैसा का मिळत नाही? : प्रकल्प-प्रस्तावाच्या दप्तराची घडण

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव, कळमनुरी किंवा औंढा नागनाथ या तालुक्यांत सार्वजनिक कामात पडलेल्या माणसांशी बोलू लागले, की एक कोडे हमखास निघते. एखादी संस्था दहा-पंधरा वर्षे गावोगावी राबत असते. तिचे काम चोख, गावकऱ्यांचा तिच्यावर भरवसा, कार्यकर्ते निर्लोभी. आणि असे असूनही तिच्या खात्यात पुढच्या महिन्याच्या मानधनापुरतीही शिल्लक नसते. उलट परजिल्ह्यातील एखादी संस्था, जिला या भागातील तांडे आणि वाड्या नकाशावरसुद्धा चटकन दाखवता येणार नाहीत, ती मुंबईच्या एखाद्या कंपनीकडून मोठी रक्कम मंजूर करून आणते. लोक याचा उलगडा ‘वशिला’ या एका शब्दात करतात आणि मोकळे होतात. तो उलगडा सर्वस्वी खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. परंतु वशिल्याच्या अलीकडे आणखी एक कारण असते, जे कमी सनसनाटी असल्यामुळे कोणी पाहत नाही. ते म्हणजे काम करणे आणि केलेले काम परक्या माणसास कागदावरून पटवून देणे, या दोन निरनिराळ्या विद्या आहेत. या दुसऱ्या विद्येची घडण कशी असते, ते येथे क्रमाने पाहू.

पैसा कोठून येतो, आणि येथवर का पोहोचत नाही

सेवाभावी संस्थेस निधी मिळण्याचे मार्ग मुख्यतः चार : केंद्र व राज्य सरकारची अनुदाने, कंपन्यांचा सामाजिक दायित्व निधी, म्हणजे ज्याला सर्वजण ‘सीएसआर’ म्हणतात तो, देशातील धर्मादाय न्यासांच्या देणग्या आणि परदेशी मदत. यांपैकी कंपन्यांच्या निधीमागे कायद्याची सक्ती आहे. कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ज्या कंपनीची निव्वळ मालमत्ता ५०० कोटी रुपये, किंवा उलाढाल १,००० कोटी रुपये, किंवा निव्वळ नफा ५ कोटी रुपये अथवा त्याहून अधिक असेल, तिने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च केली पाहिजे. मात्र त्याच कलमात, कंपनीने आपल्या कारभाराच्या आसपासच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असेही म्हटले आहे. आणि हिंगोलीची अडचण नेमकी येथे सुरू होते.

१ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा झालेला हा पाच तालुक्यांचा जिल्हा मूलतः शेतीचा. येथे मोठ्या खाजगी कारखान्यांची रांग नाही. वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना आहे खरा. पण सहकारी संस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असल्यामुळे कंपनी कायद्याचे हे कलम तिला लागू होत नाही. म्हणजे ज्या भागात गरज मोठी, त्या भागात ‘आसपासची कंपनी’च नाही, आणि जेथे कंपन्या आहेत, तेथे निधीस स्थानिक हक्कदार आधीच उभे आहेत. हिंगोलीच्या संस्थेस म्हणूनच आपला प्रस्ताव अशा माणसापुढे ठेवावा लागतो, ज्याने कयाधू नदी कधी पाहिलेली नाही आणि बहुधा पाहणारही नाही.

वाचणारा परका असतो

ही गोष्ट या जिल्ह्यातील शेतकऱ्यास समजावून सांगण्याची वास्तविक गरज नाही. तो हळद पिकवतो, शिजवतो, वाळवतो, पॉलिश करतो आणि मोंढ्यात आणून ढीग घालतो. खरेदीदार त्याच्या शेतावर आलेला नसतो. नऊ महिन्यांची त्याची मेहनत, पाण्याच्या पाळ्या, मजुरांची टंचाई यांतले काहीही त्या व्यापाऱ्याने पाहिलेले नसते. तो ढिगातून एक हळकुंड उचलतो, मोडतो, आतला रंग व कोरडेपणा पाहतो आणि सगळ्या ढिगाचा भाव ठरवतो. प्रस्ताव हे संस्थेचे असे मोडून पाहिले जाणारे हळकुंड आहे. हळद उत्तम असून ओली राहिली, तर भाव पडतो. काम उत्तम असून कागद कच्चे राहिले, तर अर्ज पडतो.

निधी देणाऱ्या संस्थेत अर्ज तपासणाऱ्या माणसाच्या मनात काही ठराविक प्रश्न असतात. प्रश्न खरोखर आहे काय? या उपायाने तो सुटेल काय? मागितलेली रक्कम वाजवी आहे काय? ही संस्था कायदेशीर व विश्वासार्ह आहे काय? आणि काम झाले की नाही, हे उद्या मला कसे कळेल? प्रस्तावाच्या दप्तरातील प्रत्येक कागद यांपैकी कोणत्या तरी प्रश्नाचे उत्तर असतो. जो कागद कोणत्याच प्रश्नाचे उत्तर देत नाही, तो कितीही गुळगुळीत छापलेला असला, तरी ओझे होय.

गरज मांडण्याची रीत

एक उदाहरण कल्पून पुढे जाऊ. समजा, सेनगाव तालुक्यातील एका संस्थेस ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठी काम करावयाचे आहे. पावसाळा संपता संपता मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्राकडे वा कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जात असल्यामुळे दोघांनाही जावे लागते, आणि मुले मागे ठेवण्यास घरात कोणी नसेल, तर तीही फडावर जातात. मार्च-एप्रिलमध्ये गाळप संपून कुटुंब परतते, तोवर शाळेचे वर्ष हातचे गेलेले असते.

हे सर्व खरे आहे. परंतु ‘आमच्या भागात ऊसतोड कामगारांच्या मुलांचे शैक्षणिक नुकसान होते’ असे वाक्य लिहून कोणाचीही खात्री पटत नाही, कारण तेच वाक्य बीड, जालना वा परभणीची संस्थाही लिहू शकते. गरज ही स्थळ, संख्या व पुरावा यांनी सिद्ध करावी लागते. कोणती तीन गावे, त्यांतून मागील तीन हंगामांत किती कोयते गेले, जिल्हा परिषदेच्या शाळेच्या हजेरीपटावर ऑक्टोबरमध्ये किती मुले होती व जानेवारीत किती उरली, याची नोंद मुख्याध्यापकांच्या सहीने व ग्रामपंचायतीच्या दाखल्याने जोडली, की त्याच विधानास वजन येते.

याहून नाजूक प्रश्न पुढे आहे. अशा मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहांची योजना आहे, हे तपासणारास ठाऊक असते. म्हणून त्या योजनेचा उल्लेख टाळणे ही चतुराई नव्हे. ती योजना या तीन गावांत कोठवर पोहोचते, तिच्यात कोणती मुले सामावली जातात व कोणती बाहेर राहतात, आणि आपले काम नेमके कोणत्या जागी बसते, हे स्पष्ट लिहिणारी संस्था जाणकार ठरते. जणू या प्रश्नावर आपल्याआधी कोणी काहीच केलेले नाही, असे भासवणारी संस्था एक तर अनभिज्ञ ठरते, नाही तर अप्रामाणिक.

हेतूपासून पुराव्यापर्यंत

गरज सिद्ध झाल्यावर उपायाची मांडणी येते. येथे बहुतेक प्रस्ताव ‘जनजागृती’, ‘सक्षमीकरण’ आणि ‘सर्वांगीण विकास’ या तीन शब्दांच्या दलदलीत रुततात. यावर तोडगा म्हणून १९६९ च्या सुमारास अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय विकास संस्थेसाठी एक तक्ता तयार करण्यात आला, जो पुढे जगभर पसरला. मराठीत त्यास ‘तार्किक चौकट’ म्हणता येईल. नाव भारदस्त असले, तरी त्यातील कल्पना साधी आहे. उभ्या क्रमाने चार पायऱ्या लिहावयाच्या : आपण काय करणार, त्यातून लगेच काय हाती येणार, त्यामुळे काय बदलणार आणि तो बदल कोणत्या मोठ्या हेतूस पोषक होणार. मग प्रत्येक पायरीपुढे तीन गोष्टी नोंदवावयाच्या : ती साधली हे कशावरून ओळखावे, ते ओळखण्यास कोणता कागद पाहावा, आणि आपल्या हाती नसलेली कोणती गोष्ट गृहीत धरली आहे.

आपल्या उदाहरणात कृती म्हणजे गावातच नातेवाइकांकडे राहणाऱ्या ४० मुलांसाठी सहा महिने भोजन व सायंकाळची अभ्यासिका. लगेच हाती येणारी गोष्ट म्हणजे ती ४० मुले गावात राहिली. बदल म्हणजे त्यांतील बहुतेक वार्षिक परीक्षेस बसून पुढच्या इयत्तेत नियमित दाखल झाली. हेतू असा, की तीन गावांत हंगामी स्थलांतरामुळे शाळा सुटणे थांबावे. ओळखण्याची खूण म्हणजे हजेरी. पाहावयाचा कागद म्हणजे शाळेचा हजेरीपट, संस्थेची स्वतःची वही नव्हे. आणि गृहीत असे, की आजी-आजोबा मुलांना ठेवून घेण्यास राजी राहतील. हे गृहीत कागदावर आले, की एक इष्ट परिणाम होतो : संस्थेस स्वतःलाच उमगते, की स्वयंपाकाची भांडी घेण्याअगोदर चाळीस घरी जाऊन आजी-आजोबांशी बोलले पाहिजे. तक्ता देणगीदारासाठी भरला जातो, पण त्याचा पहिला फायदा भरणारालाच होतो.

अंदाजपत्रक हे आकड्यांतले निवेदन

अनुभवी तपासणीस प्रस्ताव हाती आला, की प्रथम शेवटची पाने उलटून अंदाजपत्रक वाचतात. कारण शब्दांत जे लपते, ते आकड्यांत उघडे पडते. अंदाजपत्रकाचा नियम एकच : प्रत्येक रक्कम गुणाकाराने आलेली दिसली पाहिजे, ठोकून दिलेली नव्हे. मांडणी कळावी एवढ्यासाठी पुढील दर कल्पिले आहेत.

भोजन : ४० मुले × १८० दिवस × ६० रुपये = ४,३२,००० रुपये.
दोन सेविकांचे मानधन : २ × ६ महिने × ९,००० रुपये = १,०८,००० रुपये.
वह्या-पुस्तके व साहित्य : ४० × ७५० रुपये = ३०,००० रुपये.
देखरेख व प्रवास : ६ महिने × ५,००० रुपये = ३०,००० रुपये.
कार्यालयीन खर्च : वरील ६,००,००० रुपयांच्या ५ टक्के = ३०,००० रुपये.
एकूण : ६,३०,००० रुपये.

यांतील दहावा हिस्सा, म्हणजे ६३,००० रुपये, गाव धान्य व डाळ यांच्या रूपाने लोकवर्गणीतून उचलणार असेल, तर मागणी ५,६७,००० रुपयांची होते. ही लोकवर्गणी रकमेने लहान असली, तरी पुराव्याने मोठी आहे. ज्या कामास गाव स्वतःचे धान्य देते, ते काम गावास हवे आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही. एकूण खर्चास मुलांच्या संख्येने भागले, की एका मुलामागे हंगामास १५,७५० रुपये व दिवसास साडेसत्त्याऐंशी रुपये पडतात. हा भागाकार संस्थेने स्वतः करून द्यावा, कारण तपासणीस तो करणारच असतो.

कार्यालयीन खर्चाविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. सीएसआर नियमांतील ५ टक्क्यांची मर्यादा ही कंपनीने आपल्या सीएसआर विभागाच्या प्रशासनावर करावयाच्या खर्चाला आहे. संस्थेच्या प्रकल्पातील सेविका, देखरेख वा प्रवास यांना ती लागू नाही. परदेशी निधीची गोष्ट निराळी : परकीय योगदान कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने तेथे संस्थेच्या प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली आहे. हा भेद माहीत नसल्यामुळे पुष्कळ संस्था लेखनिकाचा पगार लपवून दुसऱ्या सदरात घालतात, आणि लेखापरीक्षणात तोच प्रामाणिक खर्च संशयास्पद दिसू लागतो.

संस्थेची ओळख सांगणारी सहपत्रे

आतापर्यंतचा मजकूर उत्साही कार्यकर्ता चार रात्री जागून लिहू शकेल. पण यापुढचे कागद जागरणाने निर्माण होत नाहीत. महाराष्ट्रातील बहुसंख्य सेवाभावी संस्था दुहेरी नोंदणीच्या असतात : एक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि दुसरी १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली. दुसऱ्या नोंदणीचा उतारा, ज्यास ‘परिशिष्ट १’ म्हणतात, त्यावर विश्वस्तांची नावे असतात. आता घडते असे, की स्थापनेच्या सात सभासदांपैकी कोणी वारलेले, कोणी नोकरीनिमित्त गाव सोडून गेलेले असतात. नवे लोक काम पाहत असतात, बँकेत सह्याही त्यांच्याच. परंतु धर्मादाय कार्यालयात बदलाची नोंद झालेली नसते. कायद्याच्या कलम २२ प्रमाणे असा फेरफार अहवाल ९० दिवसांत दाखल करावयाचा असतो. तो वर्षानुवर्षे राहून गेला, म्हणजे प्रस्तावावर सही करणारा अध्यक्ष कायद्याच्या दृष्टीने अध्यक्षच नसतो. उत्तम प्रस्तावांचा घात करणारा हा सर्वांत मुका शत्रू आहे.

त्यापुढे आयकर खात्याच्या दोन नोंदण्या येतात, ज्या १९६१ च्या कायद्यातील कलमांवरून अद्याप ‘१२-ए’ व ‘८०-जी’ या नावांनीच ओळखल्या जातात. पहिलीने संस्थेचे उत्पन्न करमुक्त होते, दुसरीने देणगीदारास करसवलत मिळते. नीती आयोगाच्या ‘दर्पण’ संकेतस्थळावरील क्रमांक सरकारी अनुदानासाठी लागतो. कंपन्यांकडून निधी घेणाऱ्या संस्थेस १ एप्रिल २०२१ पासून ‘सीएसआर-१’ हा अर्ज भरून वेगळा क्रमांक घ्यावा लागतो. परदेशी निधी हवा असेल, तर २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली स्वतंत्र नोंदणी आणि दिल्लीतील स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच उघडलेले खाते अनिवार्य आहे. याशिवाय तीन वर्षांचे लेखापरीक्षित ताळेबंद, वार्षिक अहवाल आणि कार्यकारिणीचा ठराव. या ठरावात कोणत्या प्रकल्पासाठी, किती रकमेचा, कोणाकडे अर्ज करावा व सही कोणी करावी, हे नमूद असते. आणि तो इतिवृत्ताच्या वहीत त्या तारखेस खरोखरच लिहिलेला असावा लागतो.

आणखी दोन बारीक गोष्टी. नोंदणीपत्र, पॅन कार्ड आणि बँकेचे पासबुक या तिन्ही ठिकाणी संस्थेचे नाव अक्षरशः एकच असले पाहिजे. ‘बहुउद्देशीय’ हा शब्द एके ठिकाणी असून दुसरीकडे गळालेला असणे, हेही मंजुरी लांबवण्यास पुरते. तसेच जे काम करावयाचे, ते संस्थेच्या घटनेतील कोणत्या उद्देशात बसते, त्या कलमाचा क्रमांक प्रस्तावात द्यावा.

मुदतीचे गणित

ऊसतोड दिवाळीस सुरू होते म्हणून प्रस्ताव दसऱ्यास लिहावयास घेणे, ही हंगाम हुकवण्याची खात्रीची वाट आहे. कंपनीची सीएसआर समिती वर्षाचा कृती-आराखडा संचालक मंडळापुढे ठेवते. तपासणी, शंकासमाधान, स्थळभेट, करारनामा व पहिला हप्ता यांत महिने जातात. म्हणून हिशेब उलटा मांडावा : ऑक्टोबरात स्वयंपाक सुरू व्हावयाचा, तर सप्टेंबरात पैसा, ऑगस्टात करार, आणि त्याआधी तीन-चार महिने, म्हणजे उन्हाळ्यातच, प्रस्ताव पोहोचलेला असावा. हजेरीपटाच्या नकला मात्र त्याही आधीच्या जानेवारीत घेतलेल्या हव्यात.

विलंब केवळ लहान संस्थांच्या वाट्यास येतो असेही नाही. याच जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरींचा वेध घेणारी ‘लायगो-इंडिया’ ही वेधशाळा उभारण्याचा प्रकल्प आहे. त्यास केंद्रीय मंत्रिमंडळाची तत्त्वतः मान्यता फेब्रुवारी २०१६ मध्ये मिळाली, आणि सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाची अंतिम मंजुरी एप्रिल २०२३ मध्ये. जगन्मान्य शास्त्रज्ञांनी मांडलेल्या प्रस्तावासही तत्त्वतः होकारापासून रकमेच्या मंजुरीपर्यंत सात वर्षे लागली, हे ध्यानात ठेवले, तर दोन महिन्यांत उत्तर न आल्याने खचून जाण्याचे कारण उरत नाही.

दानाबरोबर शर्ती येतात

निधी मंजूर झाला, की करारनामा येतो, आणि त्यातील अटी वाचून पुष्कळ कार्यकर्त्यांचा स्वाभिमान दुखावतो. या अटी आजच्या नाहीत. अचलपूरजवळच्या चम्मक येथे सापडलेल्या, पाचव्या शतकातील वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात एक हजार ब्राह्मणांना गाव दान दिल्याची नोंद आहे. आणि त्याच ताम्रपटात असेही कोरले आहे, की दान घेणारांनी राज्याशी द्रोह करू नये, चोरी करू नये, इतर गावांस उपद्रव देऊ नये, अन्यथा राजा ते दान परत घेईल. दाता, ग्रहीता, दानाचा विषय, शर्ती आणि शर्तभंगाचा परिणाम, ही करारनाम्याची सर्व अंगे त्यात आढळतात. फरक एवढाच, की त्या काळी दानपत्र दात्याच्या दरबारी लिहिले जाई. आज त्याचा पहिला मसुदा मागणाऱ्याने लिहावयाचा असतो, आणि म्हणून आपल्याला पाळता येईल तेवढेच वचन त्यात देण्याची मुभा त्याच्याच हाती असते.

शर्तींतील मुख्य अशी, की ज्या सदरासाठी पैसा घेतला, त्याच सदरात तो खर्चावा, त्याचा हिशेब वेगळा ठेवावा व मुदतीत विनियोग प्रमाणपत्र द्यावे. सरकारी अनुदानात आधीच्या रकमेचे हे प्रमाणपत्र थकले, की पुढचा हप्ता अडतो. म्हणजे आजच्या प्रकल्पाचा अखेरचा कागद उद्याच्या प्रस्तावाचे पहिले सहपत्र होतो.

चौकट : दप्तर रवाना करण्यापूर्वी

• आवरणपत्र : कोण, कशासाठी, किती, केव्हापर्यंत, एका पानात.
• सारांश : सर्वांत शेवटी लिहावा, सर्वांत पुढे लावावा.
• गरज : गावांची नावे, संख्या, शाळेचा वा ग्रामपंचायतीचा दाखला.
• कृती, फलित, खुणा व गृहीते यांचा तक्ता, महिनावार वेळापत्रक.
• अंदाजपत्रक : प्रत्येक रकमेमागे गुणाकार; लोकवर्गणी वेगळी दाखवलेली.
• प्रकल्प संपल्यावर काम कसे चालेल, याचे खरेखुरे उत्तर.
• नोंदणीपत्रे, परिशिष्ट १, घटना, पॅन, करविषयक प्रमाणपत्रे, दर्पण व सीएसआर-१ क्रमांक.
• तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, वार्षिक अहवाल, कार्यकारिणीचा ठराव.
• शेवटची तपासणी : मुलांची संख्या, महिने आणि रक्कम सर्व पानांवर एकच आहेत ना?

उलगडा

आरंभी मांडलेल्या कोड्याचे उत्तर या चौकटीच्या शेवटच्या ओळीत आहे. मजबूत प्रस्ताव म्हणजे अलंकारिक भाषा किंवा महागडी बांधणी नव्हे. ज्याच्या गरजेतील आकडा कृतीत, कृतीतील आकडा अंदाजपत्रकात आणि अंदाजपत्रकातील आकडा ठरावात तसाच उतरतो, तो प्रस्ताव मजबूत. हा एकजिनसीपणा प्रस्ताव लिहिताना आणता येत नाही, तो रोजच्या नोंदींतून येतो. बाहेरची संस्था पुढे जाते ती पुष्कळदा एवढ्याचसाठी, की तिच्याकडे एक लेखनिक असतो, जो दर महिन्यास वह्या पुऱ्या करतो.

म्हणून हिंगोलीच्या, किंवा तिच्यासारख्या कोणत्याही जिल्ह्याच्या, संस्थांना सांगणे एवढेच आहे : प्रस्तावाची जाहिरात निघण्याची वाट पाहू नका. या महिन्यात आपले परिशिष्ट १ काढून पाहा, त्यावरील नावे आजच्या विश्वस्तांशी जुळतात की नाही ते तपासा, राहिलेला फेरफार अहवाल दाखल करा, इतिवृत्ताची वही पुरी करा आणि ज्या लोकांसाठी तुम्ही राबता, त्यांची संख्या तारखेसह लिहून ठेवू लागा.